मोतीचे नाटक

आगगाडीने गेल्यास कल्याणपासून टिटवाळा हे तिसरेच स्थानक. पण आईला फलाटाचे जिने चढवत नाहीत, म्हणून महागणपतीच्या दर्शनाला आम्ही हल्ली मोटारीने जातो. या प्रवासात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला हटकून ओकारी होई आणि मी तितकाच हटकून तिच्यावर रागावे. “सारे मनाचे खेळ आहेत!” हा माझा ठरलेला निकाल. आजी तिच्या मुठीत आवळासुपारी कोंबी, आणि ती पोर माझ्या धाकाने ओठ घट्ट मिटून बसे.

गेल्या अंगारकीला मोतीलाही बरोबर घेतले. अवघे तीन महिन्यांचे पिल्लू. शहाड मागे पडते न पडते तोच त्याच्या तोंडाला लाळ सुटली, ते जिभल्या चाटू लागले आणि अखेर सकाळचे दूध त्याने माझ्या नव्या कपड्यांवर परत केले. मुलीने हळूच विचारले, “बाबा, मोतीसुद्धा नाटक करतो का हो?”

मला उत्तर सुचेना. घरी आल्यावर पुस्तके उघडली. ऐकण्याच्या शंखाशेजारी, कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि वळल्याची वर्दी मेंदूला पोहोचते. मोटारीत कान सांगतो ‘हललो’, समोरच्या आसनाकडे पाहणारा डोळा सांगतो ‘स्थिर आहे’. या तंट्याचा दंड भरते ते पोट! निरोगी माणसाच्या जठराच्या स्नायूंत मिनिटाला सुमारे ३ विद्युतलहरी उठतात. मळमळ सुरू झाली की त्या ४ ते ९ पर्यंत जातात. लहरी वाढतात, काम मात्र थांबते. जठर सैल पडते, अन्न पुढे सरकत नाही.

आणि हे सारे कानावाचून घडत नाही. दोन्ही आंतरकर्ण काढलेली कुत्री हिंदोळ्यावर कितीही झुलविली तरी ओकत नाहीत. (असले प्रयोग वाचताना मोतीकडे पाहवत नव्हते.) विल्यम जेम्सने १८८२ साली ५१९ मूकबधिरांची माहिती प्रसिद्ध केली, त्यांपैकी १८६ जणांना गरगरा फिरूनही भोवळ आली नव्हती. उंदराला तर ओकताच येत नाही; त्याला फिरविले की तो बिचारा माती खातो! पण मला खरे गाठले ते चिचुंद्रीने. आपल्या मोरीतून रात्री चिकचिक करीत जाणारी ती हीच. जपानी शास्त्रज्ञांनी तिला नुसते मागेपुढे हलविले, तर काही मिनिटांत ती ओकली. तिला कोणी सांगावे, ‘मन घट्ट कर’ म्हणून?

मनाचा भाग अगदीच नसतो असे नाही. भीतीने मळमळ वाढते. आणि ती भीती आजवर मीच पुरवीत आलो होतो.

पुढच्या संकष्टीला आंबिवलीच्या पुढे मुलगी म्हणाली, “बाबा, थांबवा.” मी मोटार कडेला घेतली. ती आणि मोती झाडाखाली उभी राहिली. आई आतून म्हणाली, “अरे, आरती चुकेल.”

“चुकू दे,” मी म्हणालो, आणि पाण्याची बाटली घेऊन खाली उतरलो.