शुक्रवारची कोळंबी

उपवासकाळातील तिसऱ्या रविवारी मी प्रवचनात कोळंबीचे नाव घेतले, तेथूनच ह्या हकिकतीस प्रारंभ झाला. शुक्रवारी मटण टाळायचे, त्याऐवजी बाजारातली सर्वांत मोठी कोळंबी आणायची, आणि वर आपण ख्रिस्तसभेचा नियम पाळला म्हणून समाधान मानायचे, ह्याला प्रायश्चित्त म्हणता येत नाही, असे मी वेदीवरून बऱ्याच आवेशाने सांगितले. वाचलेले पैसे उपवासकाळाच्या दानपेटीत टाका, असेही सांगितले. मिस्सा संपल्यावर दोन-तीन मंडळींनी प्रवचन आवडल्याचे येऊन सांगितले. धर्मगुरूने अशा वेळी सावध राहावे, हे मला पंचविशीत कळत नव्हते आणि पन्नाशी उलटल्यावरही नेमके त्याच वेळी आठवत नाही.

बुधवारी रात्री पुतण्याचा फोन आला. माझ्या थोरल्या भावाचा हा मुलगा एका प्रवासी जहाजावर स्वयंपाकी आहे. सुट्टी संपवून तो शनिवारी मध्यरात्रीच्या विमानाने जाणार होता. "फादरकाका, शुक्रवारी क्रुसाच्या वाटेनंतर घरी जेवायला या. मी स्वतः करणार आहे."

"काय करणार आहेस?"

क्षणभर तो थांबला. "कोळंबी. तुमचे प्रवचन मी ऐकले आहे, मागच्या बाकावर होतो. पण माझ्यापाशी एवढा एकच दिवस उरला आहे."

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. हा मुलगा दोन वर्षे सेमिनरीत होता. तो गेला तेव्हा मी त्याला माझा जुना लॅटिन शब्दकोश दिला होता. पाठीचा पुठ्ठा सुटलेला, समासात माझ्या विद्यार्थिदशेतील बारीक अक्षर. आठ वर्षांपूर्वी तो सेमिनरी सोडून परतला आणि काही दिवसांनी शब्दकोश तपकिरी कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी त्याला एका शब्दानेही दुखावले नाही. लोक माझ्या त्या संयमाचे कौतुक करीत. परंतु तो हॉटेलचे शिक्षण घेऊ लागला, पुढे जहाजावर गेला, तरी तू तेथे काय करतोस, हा प्रश्न मी त्याला आठ वर्षांत एकदाही विचारला नव्हता. न बोलून दुखावण्याची कला आम्हा धर्मगुरूंना चांगली साधते.

"येतो," मी म्हणालो.

शुक्रवारपर्यंत माझे मन मात्र स्वस्थ नव्हते. नियमाच्या अक्षराकडे पाहिले तर अडचण काहीच नव्हती. पोप सहावे पॉल ह्यांनी 1966 साली प्रायश्चित्ताविषयीचे जे शासन प्रसृत केले, त्यात मांस वर्ज्य आहे. मासे, अंडी, दूध वर्ज्य नाहीत. सेमिनरीत आम्हांला हा प्रश्न संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या आधारे शिकवीत. मांस जिभेला अधिक सुखावते म्हणून ते टाळावे, असे ते म्हणतात. आणि काही मासेही मांसाइतकेच रुचकर असतात त्याचे काय, हा आक्षेपही ते स्वतःच उपस्थित करतात. त्यांचे उत्तर असे की, नियम करताना ख्रिस्तसभा सर्वसाधारण अनुभव विचारात घेते. तेराव्या शतकातील हे उत्तर वाचताना मला नेहमी वाटते, ह्या थोर पुरुषाला आमच्या किनाऱ्यावर एकदा जेवायला आणायला हवे होते.

माझ्या आईच्या वेळी मात्र तो सर्वसाधारण अनुभव खराच होता. मटण सणाला व्हायचे. खाडीच्या ओहोटीत चिखलातून वेचलेल्या तिसऱ्या आणि खुबे ह्यांना दाम पडत नसे, पडत असे ती फक्त कंबरदुखी. सुका जवळा, कांदा आणि वर कैरीची फोड, हे शुक्रवारचे कालवण. ते गरिबीचेच अन्न होते, म्हणून ते प्रायश्चित्तही होते. त्यासाठी कोणाला प्रवचन द्यावे लागत नव्हते. आज कोळंबीचा भाव कोंबडीहून कितीतरी चढा आहे. नियम तोच राहिला, बाजार उलटा झाला.

क्रुसाची वाट आटोपून साडेसातला भावाच्या घरी पोहोचलो, तर दादा ओटीवर बसलेले आणि वहिनींना स्वतःच्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढलेले. ओट्यावर किलोभर मोठी कोळंबी सोलून, पाठीतला काळा दोरा काढून ठेवलेली होती. शेजारी एक अननस, दोन कैऱ्या, पिकल्या पपईची अर्धी फोड, कांदा, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लिंबे. मी परतून बाहेर जाऊ लागलो, तोच पुतण्याने माझ्या हातात सुरी दिली.

"काका, अननस तुमच्याकडे. फोडी डाळिंबाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, पण सगळ्या सारख्या."

माझ्या वयाच्या माणसाला अननसाचे डोळे काढता येत नाहीत, हे त्याच्या दोन मिनिटांत लक्षात आले. कुटुंबात असताना आईने वाढले, सेमिनरीत आचाऱ्याने, धर्मग्रामात स्वयंपाकिणीने, सुट्टीत वहिनींनी. त्याने न हसता सुरी तिरकी कशी धरावी ते दाखविले. डोळे तिरप्या ओळींत असतात, त्या ओळीने खाच पाडीत गेले की फळ वाया जात नाही.

जहाजावर हा पदार्थ कोळंबीचा करीत नाहीत, असे तो सांगू लागला. तेथे एका मोठ्या शिंपल्यातील पांढरा, जाड नाण्यासारखा गोळा वापरतात. शिंपल्याची दोन्ही दारे मिटणारा तो स्नायू. आपल्याकडच्या बाजारात तो सहसा दिसत नाही. त्याने ओल्या बोटाने ओट्यावर शिंपल्याचा आकार काढला, पंख्यासारख्या रेषांचा, आणि मी तो लगेच ओळखला. बाराव्या शतकापासून स्पेनमधील सांतियागोचे यात्रेकरू आपल्या टोपीवर आणि झग्यावर जो शिंपला मिरवीत आले, तोच हा. संत याकोबाचे चिन्ह. फ्रेंच भाषेत ह्या प्राण्याचे नावच संत याकोबाचा शिंपला असे आहे. आगाशीचे चर्च ह्याच संताच्या नावाचे. आणि कित्येक चर्चमध्ये स्नानसंस्काराच्या वेळी बाळाच्या कपाळावर पाणी ओततात ते पात्रही ह्याच आकाराचे. इतकी वर्षे तो आकार मी हाती धरला, पण त्याच्या आत कोणी राहते आणि ते खातातही, हा विचार मनास शिवला नव्हता.

"मोशेच्या नियमाप्रमाणे दोन्ही निषिद्धच," मी म्हणालो. लेवीयच्या पुस्तकात पर आणि खवले नसलेले जलचर वर्ज्य सांगितले आहेत. त्यात शिंपलाही आला आणि कोळंबीही.

"म्हणून तर पेत्राला ती चादर दाखवावी लागली," तो म्हणाला. यापो येथे घराच्या धाब्यावर भुकेल्या पेत्राला झालेला तो दृष्टांत. मी मुकाट्याने फोडी करीत राहिलो.

फळांच्या ह्या कोशिंबिरीला साल्सा म्हणतात. ती मूळची मेक्सिकोकडची, शब्द स्पॅनिश. मी सवयीने सांगून गेलो की, तो लॅटिनमधील मिठावरून आला, साल्सा म्हणजे खारवलेली. पुतण्या कैरी किसता किसता म्हणाला, "साल, सालिस, साली." तिसऱ्या गणातील नाम, पहिल्या तीन विभक्ती, बिनचूक. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही. मी अननसाकडे पाहिले.

हा पदार्थ परका, असे दादा ओटीवरून म्हणत होते. पण पाटावरच्या वस्तू पाहिल्या तर मिरची, अननस आणि पपई ही तिन्ही अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. गुजरातच्या बहादूरशाहाने 1534 साली वसई पोर्तुगिजांना दिली, ती 1739 साली चिमाजी आप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याकडे होती. ज्या काळात आमच्या पूर्वजांच्या घरी श्रद्धा आली, त्याच काळात मिरचीही आली. मिरचीला आज कोणी परकी म्हणत नाही. पाटावर आमची म्हणावी अशी कैरीच काय ती होती.

फोडी झाल्यावर मी उत्साहाने त्यांवर मीठ घालायला गेलो, तर त्याने माझा हात अडवला. मीठ आत्ता घातले तर फळांना पाणी सुटेल. पानावर घेण्याच्या पाच मिनिटे आधी घालावे. कोळंबी अननसात कालवून ठेवू म्हटले, तर तेही नाही. कच्च्या अननसाच्या रसात मांसाचे धागे तोडणारे द्रव्य असते, त्यात कोळंबी मुरवून ठेवली तर ती पिठासारखी होते. "आजी मटणाला कच्ची पपई चोळायची ना? तेच. मटणाला ते हवे असते, कोळंबीला नको." म्हणून दोन्ही वेगळी ठेवायची आणि तोंडातच भेटू द्यायची.

मग भाजण्याचे प्रकरण. वहिनींच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने त्याने एकेक कोळंबी टिपून कोरडी केली. ओलसर राहिली तर तव्याची सारी धग ते पाणी उडविण्यात जाते आणि पाणी आहे तोवर पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर चढत नाही. कोळंबी वाफते, भाजत नाही. तांबूस रंग आणि तो खमंग वास येण्यास एकशे चाळीस अंशांच्या आसपास धग लागते. लुई कामीय मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये ह्या क्रियेचे वर्णन केले, हेही त्याने सांगितले. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापला. शेंगदाण्याचे तेल अगदी थोडे. मीठ आणि मिरपूड ऐन वेळी. एका वेळी आठच कोळंब्या, एकमेकींना न टेकता. गर्दी केली की तवा निवतो. मग त्याने चिमटा बाजूला ठेवला आणि हात मागे बांधले.

"आता हात लावायचा नाही. सर्वांत कठीण काम हेच आहे. दीड मिनिट."

चर्र आवाज भरात होता. मला ढवळण्याचा अनावर मोह झाला. दीड मिनिटाने त्याने पालटल्या, तर खालची बाजू सोनेरी तपकिरी झालेली. दुसरी बाजू मिनिटभर. कोळंबी अर्धवर्तुळासारखी वाकली की उतरवावी. तिचे पूर्ण वर्तुळ झाले, म्हणजे ती रबर झाली.

हे सारे तो सांगत असताना मी त्याच्याकडे पाहत होतो. सावकाश, कारण दाखवीत, ऐकणाऱ्याला न लाजविता समजावण्याची जी हातोटी ह्या मुलात आहे असे मला वाटले होते आणि जिच्यावरून मी एका वेदीचे चित्र मनाशी रंगविले होते, ती गेली कोठेच नव्हती.

जेवायला बसलो. प्रार्थना त्याने म्हणावी, असे मी सुचविले. त्याने ती म्हटली. कोळंबीचा गोडवा, कैरीचा आंबट दात आणि मागून येणारी मिरची. चवीविषयी ह्याहून अधिक लिहिणे उपवासकाळाला शोभणार नाही. दादांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले आणि परकेपणाचा विषय पुन्हा काढला नाही. वहिनींनी मात्र मला सरळ विचारले, "फादर, आता दानपेटीत किती टाकायचे?" मी कोळंबीचा भाव विचारला आणि तेवढेच, म्हटले. ते मी माझ्याकडूनच टाकले. त्याने हिशेब मिटला, असे मी समजत नाही. रविवारी मी जे बोललो ते मला आजही खरे वाटते, आणि शुक्रवारी गेलो नसतो तर ते पाप ठरले असते, हेही खरे वाटते. ह्या दोहोंची सांगड घालणारे प्रवचन मला अजून सुचलेले नाही.

जेवताना लक्षात आले की, पुतण्या बसलेलाच नाही. तो तव्यापाशी उभ्यानेच एखादा तुकडा तोंडात टाकीत होता. जहाजावर असेच असते, तो म्हणाला; हा पदार्थ रोज शेकड्यांनी पाने भरून बाहेर जातो, पण बसून, पानात वाढून घेऊन त्याने तो कधी खाल्ला नव्हता. आई-वडिलांसोबत एकदा खावा, एवढ्यासाठी हा शुक्रवार.

पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव करून शिष्यांसाठी न्याहारी तयार ठेवली, ह्या उताऱ्यावर मी पंचवीस वर्षे बोलत आलो आहे. ह्या पंचवीस वर्षांत कोणासाठी चूल मात्र पेटवली नव्हती. मी उठलो, त्याच्या हातातून चिमटा घेतला आणि त्याला माझ्या पाटावर बसविले. शेवटच्या आठ कोळंब्या उरल्या होत्या. मी त्या टिपल्या, तव्यावर अंतराने ठेवल्या, हात मागे बांधले. परंतु तेवढ्यात दादांनी जहाजावरच्या मिस्सेविषयी काहीतरी विचारले, तो उत्तर देऊ लागला, मीही ऐकू लागलो, आणि वहिनींनी धुराने खिडकी उघडेपर्यंत तव्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

आठही कोळंब्या पूर्ण गोल झाल्या होत्या. त्याने त्या पानात वाढून घेतल्या, वर माझ्या ओबडधोबड अननसाच्या फोडी घातल्या आणि एकही न टाकता खाल्ल्या. "दीड मिनिट, काका," तो म्हणाला, "पुढच्या वेळी मी घड्याळ घेऊन उभा राहीन."