आईचा अडकित्ता आणि विमानतळावरची झडती

नागपूरला भाचीचे लग्न ठरले आणि आमच्या घरात प्रवासाचा प्रश्न उभा राहिला. रेल्वेची तिकिटे वेटिंगवर. आईचे वय ७४. दोन वर्षांपूर्वी पडली तेव्हा मांडीच्या हाडात सळई बसवावी लागली. रात्रभर बाकाच्या कडेला टेकून जाणे तिला झेपणार नव्हते. शेवटी धाकट्या भावाने बोनसचे पैसे घातले आणि दोघांची विमानाची तिकिटे काढली. आमच्या घराण्यात विमानात बसलेली पहिली व्यक्ती म्हणजे आई. मी दुसरा, कारण जिन्यावर ती माझ्या पुढे होती!

वरळीहून आम्ही भुयारी मेट्रोने निघालो आणि विमानतळाच्या स्टेशनावर उतरलो. टर्मिनल दोनचे ते उंच छत आणि मोरपिसाच्या नक्षीचे पांढरे खांब पाहून आई क्षणभर थांबली. म्हणाली, "एवढं मोठं बांधलंय, पण बसायला बाक कुठाय?" चाकाची खुर्ची मिळत होती, पण ती नको म्हणाली. "मी चालत जाईन."

दारापासून विमानापर्यंत

दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाने तिकीट आणि आधार कार्ड पाहिले. चेहऱ्याकडे पाहिले, कार्डाकडे पाहिले, आत सोडले. मोठी बॅग काउंटरवर दिली, ती पट्ट्यावरून आत गेली. पुढे खरी झडती. मोबाइल, पाकीट, कमरेचा पट्टा सगळे ट्रेमध्ये ठेवायचे आणि चौकटीतून जायचे. मी गेलो, चौकट गप्प. आई गेली आणि चौकट वाजली.

आई घाबरली. रांगेतली माणसे वळून पाहू लागली. ज्या बाईने आयुष्यभर लोकांच्या घरची भांडी घासली आणि कुणाच्या चमच्यालाही हात लावला नाही, तिच्या अंगावर काही निघाले असा तो आवाज होता. एका महिला जवानाने तिला पडद्यामागे नेले. बाहेर मी डॉक्टरांचा कागद हातात धरून उभा. दोन मिनिटांत पडदा सरला. ती मुलगी म्हणत होती, "अम्मा, आराम से. पैर संभालके." तिने आईचा हात धरून तिला खुर्चीवर बसवले.

तेवढ्यात पलीकडे आमची पिशवी बाजूला काढलेली दिसली. आईच्या चंचीत अडकित्ता होता. बाबांनी लग्नानंतर घेऊन दिलेला, मूठ झिजून गुळगुळीत झालेला. मोठी बॅग आधीच आत गेली होती, त्यामुळे तो तिथेच सोडावा लागला. आई काही बोलली नाही. नुसती सुपारी तेवढी परत घेतली.

बाकावर बसल्यावर तिने विचारले, "एवढं सगळं तपासलं, म्हणजे आता भ्यायचं काम नाही ना?"

मी "नाही" म्हणालो. पण ते उत्तर घाईचे होते. घरी परतल्यावर मी या विषयावर बरेच वाचले. वाचकहो, तिला द्यायला हवे होते ते उत्तर हे असे.

झडती हवीच, पण का?

पूर्वी विमानात चढणे एसटीत चढण्याइतके सोपे होते. अमेरिकेत १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत विमान पळवण्याचे १३० हून अधिक प्रकार झाले. जानेवारी १९७३ पासून तिथे प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि हे प्रकार झपाट्याने कमी झाले. आपल्याकडे ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' नावाचे विमान दोघांनी लाहोरला नेले. त्यांच्याजवळचे पिस्तूल आणि हातबॉम्ब नकली होते. डिसेंबर १९७८ मध्ये लखनौहून दिल्लीला निघालेले विमान दोन तरुणांनी वाराणसीला नेले. त्यांच्याकडे खेळण्यातले पिस्तूल आणि चेंडू होता. ते दोघेही १९८० मध्ये आमदार झाले!

म्हणजे झडती निरुपयोगी नाही. सहज उठून पिस्तूल घेऊन चढणाऱ्याला ती अडवते. तिच्या भीतीने कितीतरी जण प्रयत्नच करत नाहीत. न झालेली घटना वर्तमानपत्रात छापून येत नाही, एवढेच.

पण जो तयारी करून येतो त्याचे काय? ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमाने पळवणारे १९ जण तपासणीतूनच आत गेले होते. वॉशिंग्टनजवळच्या विमानतळावर त्यांच्यापैकी काही जणांवर चौकट वाजलीही होती. हातातल्या यंत्राने पुन्हा तपासून त्यांना सोडण्यात आले. चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू तेव्हा विमानात चालत असे. त्यानंतर नियम कडक झाले. तरी २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्याच माणसांनी गुपचूप परीक्षा घेतली, तेव्हा ७० पैकी ६७ वेळा नकली बॉम्ब किंवा शस्त्र आत गेल्याचे बाहेर आले. त्या खात्याच्या प्रभारी प्रमुखाला पदावरून हलवावे लागले.

असे का होते? चौकट फक्त धातू ओळखते. आईच्या मांडीतली सळई तिला कळली, पण स्फोटकाची पुडी तिला कळत नाही. बॅगेच्या यंत्रात धातू निळा दिसतो आणि साबण, लाडू, पुस्तके यांसारख्या वस्तू नारिंगी दिसतात. स्फोटकेही बहुधा त्याच नारिंगी रंगात येतात. लाडू कोणता आणि घातक वस्तू कोणती हे शेवटी पडद्यासमोर बसलेल्या माणसाने ओळखायचे. तो डोळा थकतो. म्हणूनच त्याची जागा थोड्या थोड्या वेळाने बदलतात. आता चेहरा दाखवूनही दार उघडते. त्यातून माणूस कोण हे कळते, त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही.

शिवाय नियम नेहमी मागच्या घटनेच्या पाठीमागून येतो. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटक आणले, तेव्हापासून अमेरिकेत बूट काढायला लावले. ते जुलै २०२५ मध्ये बंद झाले. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला पेयाच्या बाटल्यांतून स्फोटके नेण्याचा कट उघड झाला आणि परदेशी विमानांत १०० मिलिलिटरचा नियम आला. बूटवाल्याला पकडले ते यंत्राने नव्हे. शेजारच्या प्रवाशांनी आणि विमानातल्या कर्मचाऱ्यांनी त्याला दाबून धरले.

वीस मिनिटांचा उशीर

आता आमच्या विमानाकडे वळू. सगळे बसले, दार लागायची वेळ झाली आणि विमान हलेना. एका प्रवाशाने बॅग दिली होती, पण तो स्वतः आला नव्हता. त्याचे नाव पुन्हा पुन्हा पुकारले. मग सांगण्यात आले की त्याची बॅग शोधून उतरवायची आहे. वीस मिनिटे गेली. लोक कुरकुरू लागले. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "एका बॅगेसाठी सगळ्यांना अडकवून ठेवलंय!"

आई खिडकीपाशी होती. म्हणाली, "खाली पोरं बॅगा काढतायत. उन्हात. एकेक चिठ्ठी वाचून परत ठेवतायत." मी वाकून पाहिले. अंगावर चमकणारी जाकिटे घातलेले तीन-चार लोडर होते. आमच्या शेजारचा मुलगा हेच काम करतो.

या एका बॅगेमागची गोष्ट त्या कुरकुरणाऱ्या प्रवाशाला ठाऊक नसावी. जून १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर इथे एका माणसाने बॅग दिली आणि तो स्वतः विमानात चढलाच नाही. बॅग टोरांटोला एअर इंडियाच्या विमानात चढली. टोरांटोचे एक्स-रे यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले. उरलेल्या बॅगा हातातल्या छोट्या यंत्राने तपासल्या, आणि ते यंत्र कुचकामी होते. २३ जूनला 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले. ३२९ माणसे गेली. कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह गेली. प्रवासी नाही तर त्याची बॅगही नाही, हा नियम त्या दिवशी कुणी पाळला असता तर ती बॅग खाली राहिली असती. त्यानंतर १ एप्रिल १९८७ रोजी आपल्या देशात विमान सुरक्षेचे स्वतंत्र खाते झाले. पुढे २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान पळवून कंदाहारला नेले. एका प्रवाशाचा खून झाला आणि तीन दहशतवाद्यांना सोडावे लागले. त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने विमानतळांचा ताबा घ्यायला सुरुवात केली.

म्हणून मी म्हणतो, आम्हाला दिसली ती झडती म्हणजे सुरक्षेचा दर्शनी भाग. खरी सुरक्षा जिथे दिसत नाही तिथे असते. वैमानिकाच्या खोलीचे मजबूत दार २००१ नंतर आले, आता कुणी लाथ मारून आत शिरू शकत नाही. चिठ्ठी वाचून बॅग उतरवणारा लोडर, स्क्रू तपासणारा मेकॅनिक, ही ती सुरक्षा. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले, आतल्या २४२ पैकी एकच वाचला. तसला अपघात कोणत्याही झडतीने टळत नाही.

संशय कुणावर?

विमानतळावर काम करणारी मुले आपल्याच वस्त्यांतली आहेत. पोलिसांकडून चौकशी झाल्याशिवाय त्यांना आत जायचा पास मिळत नाही. आत जाताना त्यांचीही झडती होते. ती व्हायलाच हवी, कारण फेब्रुवारी २०१६ मध्ये मोगादिशूला बॉम्ब भरलेला लॅपटॉप तपासणीपलीकडे पोहोचवला तो विमानतळावरच्याच दोन कामगारांनी. पण माझे म्हणणे असे की कामगारावर नुसता संशय धरून भागत नाही. त्याला वेळेवर पगार, नीट शिकवण आणि चूक दिसली तर बोलण्याची मुभा हवी. उद्या काढून टाकतील या धास्तीत असलेला माणूस वरिष्ठाला "ही बॅग उतरवा" म्हणून कसा अडवणार?

दुसरे म्हणजे, राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री अशांची झडती होत नाही. तशी सरकारची यादी आहे. माजी राष्ट्रपतीही त्यात आहेत. तरी एप्रिल २००९ मध्ये दिल्लीत एका परदेशी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी डॉ. अब्दुल कलाम यांची झडती घेतली. पुढे मोठा गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. स्वतः कलामांनी मात्र तिथे वाद घातला नव्हता. बूट काढायला सांगितले, त्यांनी काढले. झडतीत अपमान नाही. कुणाचे नाव किंवा कपडे पाहून झडती घेण्यात अपमान आहे, आणि त्यात धोकाही आहे, कारण मग बाकीच्यांकडे लक्ष राहत नाही.

तिसरी गोष्ट लोकलची. ११ जुलै २००६ रोजी आपल्या लोकलमध्ये सात स्फोट होऊन १८० हून अधिक माणसे गेली. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीच्या फलाटावर गोळ्या चालल्या. तिथेही नंतर चौकटी लागल्या. गर्दी त्यातून जाते, त्या वाजत राहतात आणि कुणी पाहत नाही. लाखोंच्या गर्दीला विमानतळासारखी झडती शक्य नाही हे मला कळते. रांग लावली तर ती रांगच धोक्याची होते. मार्च २०१६ मध्ये ब्रुसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले ते तपासणीच्या अलीकडे, गर्दीत. पण वाजणाऱ्या चौकटीपेक्षा जागा जागी असलेला एक पोलीस बरा. बेवारस पिशवी दिसली तर सांगणारा प्रवासीही बरा.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सुरी, कात्री, अडकित्ता, तिखट, लोणचे मोठ्या बॅगेत घालावे. पॉवर बँक मात्र मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या पिशवीत ठेवावी. काडेपेटी आणि लायटर घरीच ठेवावे. अंगात सळई किंवा पट्टी असेल तर डॉक्टरांचा कागद जवळ असू द्या आणि चौकटीत शिरण्याआधीच सांगा. बायकांची झडती महिला जवानानेच पडद्याआड घ्यायची असते, हे आयाबहिणींना सांगून ठेवा. आणि "एवढं पार्सल न्या ना" असे अनोळखी माणूस म्हणाला, तर तो कितीही गोड बोलला तरी हात लावू नका.

नागपूरला उतरलो. विमानतळाच्या इमारतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. आईने ते एकेक अक्षर लावून वाचले. बाहेर बहीण घ्यायला आली होती. तिला अडकित्त्याचे कळले तेव्हा ती रागावली.

आई म्हणाली, "जाऊ दे गं. त्यांचं काम त्यांनी केलं. मला एकच वाटतं, त्या बॅगा काढणाऱ्या पोरांना कुणी पाणी विचारलं असेल का?"