चाळणीत पकडलेला प्रकाश

मुलांनो, पिठाच्या चाळणीत पाणी साठवता येईल का? "काहीतरीच काय विचारता बाई!" असेच म्हणाल ना? पण आपल्या पुणे जिल्ह्यात अशा तीस प्रचंड चाळण्या आहेत. एकेक 45 मीटर रुंद. त्या पाणी नाही, प्रकाश गोळा करतात. तोही डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, बरं का!

मी मारुंजीला राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडून चाकण, राजगुरुनगर, मंचर असे करत नाशिक रस्त्याने गेले की नारायणगाव लागते आणि तिथून आत वळले की खोडद. या खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, ती पाहायला शाळा-शाळांतली मुले लोटतात. माझ्या वर्गातली काही मुले, त्यांचे आईबाबा आणि मी, असे आम्हीही एकदा जीप करून गेलो.

दुर्बीण म्हटल्यावर मुलांना वाटले होते, एक लांब नळी असेल. दिसली ती शेतांच्या मध्ये आभाळाकडे तोंड करून उभी असलेली भली थोरली थाळी! टीव्हीची छत्री पाहिली आहे ना? तशीच, पण वर्गच्या वर्ग आत मावतील एवढी. अशा 14 थाळ्या खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आहेत. उरलेल्या 16 तीन दिशांना लांबवर पसरल्या आहेत. सगळ्यांनी ऐकलेले संगणक एकत्र करतो, म्हणजे तीस मिळून एकच दुर्बीण.

चौथीतली एक मुलगी मान वर करून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "बाई, ही तर जाळी आहे. आरपार आभाळ दिसतंय. मग आलेलं सगळं गळून नाही का जाणार?"

तिचा मोठा भाऊ फिस्सकन हसला. मला मात्र प्रश्न इतका आवडला की मी सगळ्यांना तिथेच थांबवले.

विहिरीत दगड टाकला की लाटा उठतात. एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. प्रकाशही लाटांनीच येतो, पण त्या फारच बारीक. हिरव्या प्रकाशाच्या सुमारे 2000 लाटा एका मिलिमीटरमध्ये बसतात! तांबड्याच्या थोड्या लांब, जांभळ्याच्या थोड्या आखूड. आपले डोळे एवढ्याच पट्ट्यातले पाहतात. पण लाटा काही तिथे संपत नाहीत. तांबड्याहून लांब त्या अवरक्त, टीव्हीच्या रिमोटमधून निघतात त्या. त्याहून लांब मायक्रोवेव्ह आणि मग रेडिओ लहरी. दुसऱ्या बाजूला, जांभळ्याहून आखूड त्या अतिनील, मग क्ष-किरण, मग गॅमा किरण. (वेल्डिंगच्या झगझगाटात अतिनील किरण असतात. आपल्या भागात गल्लोगल्ली फॅब्रिकेशनची दुकाने आहेत, तिथे टक लावून पाहत उभे राहू नका. डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात.) ही सगळी एकाच घराण्यातली भावंडे. पोकळीतून सगळी एकाच वेगाने धावतात, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. फरक फक्त लांबीचा.

आणि केवढा फरक! माझी आजी आकाशवाणी पुणे केंद्र लावायची, 792 किलोहर्ट्झवर. म्हणजे सेकंदाला सात लाख ब्याण्णव हजार लाटा. तीन लाख किलोमीटरना या आकड्याने भागून पाहा. एक लाट पावणेचारशे मीटरच्याही थोडी वर निघते. अशी लाट आजीच्या टेबलावरच्या रेडिओत शिरत होती!

आता जाळीकडे येऊ. खोडदची दुर्बीण ज्या लाटा ऐकते, त्यातली आखडातली आखूड सुमारे 21 सेंटिमीटरची. अवकाशातला थंड हायड्रोजन वायू नेमकी 21 सेंटिमीटरची लाट सोडतो, म्हणून ती महत्त्वाची. लांबातली लांब दोन-अडीच मीटरची. आणि जाळीची भोके? 10, 15 आणि 20 मिलिमीटरची. धातूच्या जाळीचे भोक लाटेपेक्षा बरेच लहान असले, की त्या लाटेला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच. लाट आपटते आणि परत फिरते. हिरव्या प्रकाशाच्या लाटेला मात्र तेच भोक गावच्या वेशीएवढे मोठे, ती खुशाल आरपार जाते. म्हणून आभाळ दिसते. कुणाकडे मायक्रोवेव्ह ओव्हन असेल तर त्याच्या दाराची जाळी पाहा. आतली लाट सुमारे 12 सेंटिमीटरची, ती आतच राहते. आतला पदार्थ मात्र आपल्याला दिसतो.

ही जाळीची युक्ती शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. 45 मीटरची थाळी अखंड पत्र्याची केली असती तर वाऱ्याने तिला शिडासारखे ढकलले असते. ते सोसायला लोखंड किती लागले असते आणि पैसा किती! त्यांनी दोऱ्यांवर ताणलेली, अर्ध्या मिलिमीटरहून जराशाच जाड तारेची जाळी बसवली. वारा निघून जातो, लाटा राहतात.

या चाळण्यांचे कान किती तिखट आहेत ते ऐका. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचे स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा क्षीण संदेश सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदला ऐकू आला. यायला जवळजवळ पावणेदहा मिनिटे लागली. उतरण्याच्या थोडे आधी तो एकदम बंद पडला. यान आदळून फुटले होते.

एवढे हळू ऐकायचे तर भोवती शांतता हवी. आवाजाची नव्हे, लाटांची. हर्ट्झ यांनी 1887 च्या सुमारास रेडिओ लहरी पहिल्यांदा निर्माण केल्या, त्या विजेच्या ठिणगीने. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटे रेडिओ केंद्रच. घरी जुना रेडिओ असेल तर मध्यम लहरींवर दोन केंद्रांच्या मधे काटा ठेवा आणि आईला मिक्सर लावायला सांगा. कर्रर्र!

परत येताना चाकणच्या चौकात आमची जीप अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. त्या मुलीचे बाबा मूळचे मंचरकडचे, चाकणला कंपनीत कामाला. ते म्हणाले, "मॅडम, दुर्बीण छानच आहे हो. पण पुणे-नाशिक रेल्वे आमच्या भागातून गेली तर या ट्रॅफिकमधून सुटका होईल. तिच्यापायी अडतेय म्हणतात." त्यांचे म्हणणे खोटे नाही. विजेवरच्या गाडीचा वरच्या तारेशी संबंध जरा सुटला की ठिणगी उडते. 2025 साली रेल्वेमंत्र्यांनी सांगितले, की नारायणगावकडून जाणाऱ्या मार्गाने दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, म्हणून मार्ग बदलावा लागेल. दुर्बीण काही उचलून नेता येत नाही, तिला जपायलाच हवे असे मला वाटते. पण मार्ग वळला की नुकसान जुन्नर-आंबेगावच्या लोकांचे होते, हेही तितकेच खरे. तोडगा निघेपर्यंत रोज दोन-दोन तास रस्त्यात कुणाचे जाणार, हे मला समोरच दिसत होते.

मुलगी मागच्या सीटवरून सगळे ऐकत होती. "बाई, जाळीतून रेडिओची लाट जात नाही ना? मग रेल्वेवरच जाळीचा बोगदा केला तर?"

या वेळी भाऊ हसला नाही. बाबांनी मागे वळून पाहिले. कित्येक किलोमीटर जाळी लागेल, मी म्हटले, आणि ठिणगीतून लहान-मोठ्या सगळ्याच लाटा निघतात. "मग भोकं केवढी ठेवायची?" तिने वहीचे पान काढून माझ्या हातात दिले. समोरचा कंटेनर हलेपर्यंत आम्ही तिघे-चौघे भागाकार करत बसलो.