खण: वाड्याचे माप

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतील वाड्यांचा भार लाकडी सांगाडा पेलतो. ओलीपासून जपण्यासाठी खांब दगडी तळखड्यावर उभा करीत. त्यावर तुळई, तुळईवर कडीपाट. मधली मातीविटांची भिंत बहुतांशी आडोशापुरती. म्हणूनच जुन्या कागदपत्रांत घर दोन खांबांमधील ‘खणां’नी मोजलेले आढळते. इंग्लंडमधील लाकडी सांगाड्याची जुनी शेतघरेही अशीच खणांच्या हिशेबाने मोजली जात.

२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचा पूर शहरात शिरला. अशा पाण्यात मातीची भिंत विरघळते आणि वाडा संपला असे वाटते. परंतु खांब व सांधे शाबूत असतील, तर भिंत पुन्हा रचता येते. वाडा पाडण्यापूर्वी तळखड्यालगतचे लाकूड कुजले आहे का, हे आधी तपासावे. वाड्याचे आयुष्य तिथे ठरते.