बरकतपुऱ्याच्या गच्चीवरची गोरखचिंच

माझी मावशी लग्न होऊन हैदराबादला गेली ती तिथलीच झाली. काचीगुड्याजवळ बरकतपुऱ्यात तिचे जुने घर आहे. गेल्या वर्षी चवथ आटोपल्यावर तिच्याकडे गेलो, तर चहाच्या आधी तिने गच्चीवर नेले. कोपऱ्यात तीन कुंड्या, त्यांत कमरेएवढी सडपातळ रोपे.

"ओळख बघू."

मला ओळखता येईना. ती हसली. "गोरखचिंच रे! गोवळकोंड्याला पाहिलीस ना?"

गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातली गोरखचिंच मी लहानपणी पाहिली होती. लोक तिला 'हाथियान का झाड' म्हणतात. खोडाचा घेर 27 मीटरच्या आसपास. समोरचे काटकुळे रोप त्याच जातीचे, हे पटेना. पण तिचे बालरूप असेच फसवे असते. पहिली पाने साधी, एकेकटी. हाताच्या पंजासारखी पाने मागाहून येतात. म्हणून पुष्कळ रोपे तण समजून उपटली जातात.

वसईहून कोणीतरी मावशीला फळ आणून दिले होते. आतला आंबट पांढरा गर खाऊन तिने बिया ठेवल्या. बीचे कवच फार टणक. तिने ते कानशीने घासले, वर कढत पाणी ओतून रात्रभर ठेवले. दहांपैकी तीन उगवली.

झाड मूळचे आफ्रिकेचे. आपल्याकडे ते विरळाच, कुठे किल्ल्यात तर कुठे दर्ग्यापाशी. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात दिसले, की भारतातली ही झाडे एका खेपेत आलेली नाहीत. काहींचे नाते मोम्बासा ते दार-ए-सलामच्या किनाऱ्याशी जुळते. मोम्बासा म्हटल्यावर गोंयकाराचे कान टवकारतात. आपल्या किती घरांतली माणसे तिथे नोकरीला गेली! माणसांच्या आधी तिकडची झाडे इकडे आली होती म्हणायची.

2018 साली मात्र वाईट बातमी आली. आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या 13 गोरखचिंचांपैकी 9, म्हणजे त्या संपूर्ण तरी वा त्यांची सर्वांत जुनी खोडे तरी, बारा वर्षांत मरून गेल्या होत्या. बहुतेक दक्षिण आफ्रिका खंडातल्या. हवामानबदलाचा संशय आहे, पण तो सिद्ध झालेला नाही.

मावशीची अडचण घरगुती होती. घर बिल्डरला द्यायचे ठरले होते. एका रोपाचे मुळ्यासारखे फुगलेले मूळ कुंडीच्या भोकातून बाहेर आले होते. "फ्लॅटात माझी सोय होईल," ती म्हणाली, "हिची कशी होणार? हिला जागा पाहिजे, आणि शंभर वर्षं तिला हात न लावणारा माणूस पाहिजे."

एक रोप तिच्या दिराच्या शेतावर गेले, दुसरे शेजारच्या एका शिक्षकाने नेले. तिसरे तिने माझ्या हाती दिले. "पाणी साचू देऊ नकोस," एवढेच बजावले.

आमच्या भाटात उतारावर, जांभ्या दगडाच्या कडेला ते लावले. पावसाचे पाणी तिथे ठरत नाही. जानेवारीत सगळी पाने गळाली. एके सकाळी पाहतो तर वहिनी कोयता घेऊन तिथे उभी.

"भाऊजी, मेलं हे. काढून टाकते, लाकूड तरी..."

"वहिनी, निजलंय ते!"

तिचा विश्वास बसला नाही, पण कोयता खाली आला. मी एका फळीवर नाव लिहून तिथे ठोकले. जूनच्या पहिल्या पावसानंतर शेंड्याला हिरवे टोक दिसले. ते आधी वहिनीनेच पाहिले आणि मला हाक मारली.

मावशीला फोन केला. ती अजून जुन्याच घरात होती, सामान बांधत. "पाच पानं की एक?" तिने विचारले.

"एकच."

"असू दे," ती म्हणाली. "तिला घाई नाही."