जुनी गाडी सकाळी का रुसते?

सध्या जुनी गाडी लवकर सुरू होत नाही असं म्हटलं की ग्रुपवर दोनच उत्तरं येतात. एक, 'इथेनॉलने वाट लावली.' दुसरं, 'देशहिताच्या योजनेला नावं ठेवू नका, गाडी भंगारात घाला.' बॉनेट उघडून बघायला मात्र कुणी तयार नसतं.

माझी पेट्रोल गाडी 2005 सालची. दोन दिवस उभी राहिली की पहिल्या दोन सेल्फला ढिम्म, तिसऱ्याला कशीबशी सुरू. एकदा तापली की दिवसभर तक्रार नाही. शेजारचे काका म्हणाले बॅटरी बदल. पण सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. प्लग काढून पाहिले, ठिणगीही चांगली. राहिलं पेट्रोल.

आमच्या मिस्त्रींनी एक बिनखर्चाची युक्ती सांगितली. सेल्फ मारायचा नाही, किल्ली फक्त 'ऑन'ला न्यायची. मागे टाकीतला पंप दोन सेकंद घूंऽऽ करतो. मग बंद. असं तीनदा करून सेल्फ मारला आणि गाडी लगेच सुरू! याचा अर्थ, उभ्या गाडीत लाइनमधलं प्रेशर उतरत होतं. ते पंपाच्या झडपेतून परत टाकीत जातं, इंजेक्टरमधून झिरपतं, नाहीतर पाइपातून गळतं. आमच्याकडे इंजिनजवळचा रबरी पाइप क्लिपेपाशी फुगून मऊ झाला होता. बोटाला ओल लागली, वास आला.

आता हे इथेनॉलचं काम की वीस वर्षांचं? मिस्त्री म्हणाले, "साहेब, म्हातारं रबर कडक होऊन तडकतं. हे फुगलंय. पण शपथेवर नाही सांगणार." मला हे उत्तर दोन्ही गटांपेक्षा प्रामाणिक वाटलं.

20 टक्के मिश्रणाचं 2030 चं लक्ष्य आपण 2025 मध्येच गाठलं. एप्रिल 2023 आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट 2025 मध्ये मान्य केलं. वर खर्च किरकोळ असंही सांगितलं. किरकोळ कुणाला? त्याच महिन्यात वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 10,000 रुपये झाली, ती वेगळीच.

मी ऊसवाल्या घरातला आहे. इथेनॉलमुळे कारखान्याच्या हातात पैसा खेळला तर चुलतभावाचं बिल वेळेवर निघतं, त्यामुळे योजनेला माझा विरोध नाही. पण पंपावर मला निवड कुठे आहे? बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली. ठीक. निदान प्रत्येक पंपावर मिश्रणाचा आकडा ठळक लिहा आणि जुन्या गाड्यांसाठी 10 टक्केवाली एक तरी नळी ठेवा. मतं मागायला येणाऱ्यांना हे विचारा की राव!

तोवर ज्यांची गाडी अशीच रुसते त्यांनी आधी किल्लीची चाचणी करा, मगच बॅटरीला पैसे घाला. आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारूच नका, मिस्त्रींना घरी बोलवा.