मूळ नोंदीला हात न लावता

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे मोजमाप मिनिटामिनिटाला होत असते. जगभरच्या वेधशाळांनी अशा नोंदींसाठी एक सामाईक साचा ठरवून घेतला आहे. त्यात एका दिवसाची एक साधी मजकुराची फाईल असते. माथ्यावर वेधशाळेचे नाव, अक्षांश-रेखांश, मोजमापाचे घटक अशी माहिती आणि खाली 1440 ओळी, मिनिटाला एक. नावात आधी वेधशाळेची तीन अक्षरे, मग वर्ष, महिना, दिवस आणि त्यानंतर ही प्रत कच्ची आहे की पक्की हे सांगणारे एक अक्षर. वर्षभरात अशा 365 फायली एका फोल्डरमध्ये साठतात, लीप वर्षी 366. ज्याला त्यांतून तासातासाची सरासरी काढायची आहे त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एकेक फाईल उघडून, आकडे उचलून तक्त्यात डकवत जायचे, नाहीतर पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट लिहून तिच्याकडून ते करून घ्यायचे. दुसऱ्या वाटेचे समर्थन बहुतेक वेळा वेळेच्या बचतीवर केले जाते. बचत होते हे खरेच, पण मला ते कारण दुय्यम वाटते. स्क्रिप्टचे खरे मोल असे की ती केलेल्या कामाची लेखी नोंद असते. कोणती फाईल घेतली, कोणती सोडली, कोणता आकडा गाळला आणि का, हे सगळे तिच्यात लिहिलेले राहते आणि मूळ फाईल आली तशीच राहते. हाताने केलेल्या कामाचा मागमूस उरत नाही, उरतो तो फक्त निकाल.

ही शिस्त संगणकाने आणलेली नाही, हे दाखवायला अलिबागइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये उभारली आणि तिथे चुंबकीय निरीक्षणे 1841 पासून सुरू झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह नाजूक चुंबकीय उपकरणांना बिघडवणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात उपकरणे खाडीपलीकडे अलिबागला न्यायचे ठरले. कोकणातला काळा कातळ स्वतःच चुंबकीय खनिजे बाळगून असतो, म्हणून बांधकामाला पोरबंदरी दगड निवडला गेला. 1904 मध्ये अलिबागला निरीक्षणे सुरू झाली. पण कुलाब्याची उपकरणे त्याच दिवशी बंद केली गेली नाहीत. 1906 पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू राहिले. जागा बदलली की आकडा बदलतो. दोन जागांमधला फरक नेमका किती हे कळल्याशिवाय जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येत नाही. मूस यांनी 1846 ते 1905 या काळातल्या निरीक्षणांचे ग्रंथ 1910 मध्ये प्रसिद्ध केले. 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली तेव्हा तिच्या त्रासापासून मालिका सुखरूप बाहेर पडलेली होती. कुलाब्याचे आकडे कुलाब्याच्या नावावर, अलिबागचे अलिबागच्या नावावर आणि दोहोंमधला फरक स्वतंत्र, अशी ही मांडणी आहे. आपल्याकडे जमिनीच्या कागदपत्रांतही हेच होते. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो, पण नाव खोडले जात नाही, आणि बदल का झाला हे फेरफाराच्या नोंदवहीत क्रमांकासह सापडते. फोल्डरवर चालणारी स्क्रिप्ट हा त्या फोल्डरचा फेरफार आहे.

मूळ नोंद अशी जपल्याने काय साधते, याचा पुरावा कुलाब्याच्याच कागदांत आहे. 2 सप्टेंबर 1859 रोजी, ज्याला आज कॅरिंग्टनचे वादळ म्हणतात त्या सौरवादळात, कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी उपकरण वाचून आकडे लिहून ठेवले. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने कोसळल्याचे त्यांत दिसते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लाखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह 2003 मध्ये या आकड्यांवर लेख लिहिला आणि ते वादळ किती प्रचंड होते हे जगापुढे आले. तीनच वर्षांनी इतर अभ्यासकांनी याच नोंदींची तासाची सरासरी घेतली, कारण आजची वादळे मोजायचा निर्देशांक तासाच्या सरासरीवर बेतलेला आहे. त्यांचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. इथे कोणी चुकले असे नाही. क्षणाचे वाचन घ्यायचे की तासाची सरासरी, या एका निवडीवर उत्तर दुप्पट किंवा निम्मे होते. ही चर्चा आज होऊ शकते, कारण 1859 चे वाचन वाचनाच्याच रूपात शिल्लक आहे आणि त्यावर कोणी काय प्रक्रिया केली हे लेखांत स्पष्ट लिहिलेले आहे. कुलाब्याच्या एखाद्या कारकुनाने नीटनेटकेपणाच्या हौसेने तासाच्या सरासरीचा तक्ता करून मूळ वह्या रद्दीत घातल्या असत्या, तर वाद घालायलाही काही उरले नसते.

आता पुन्हा त्या फोल्डरकडे. त्यात किती निवडी दडलेल्या असतात ते स्क्रिप्ट लिहायला बसल्यावरच कळते. एकाच दिवसाच्या दोन फायली असू शकतात. उपकरणाचे कच्चे वाचन तापमानाने आणि काळाने सरकत जाते, म्हणून माणसाने वेगळ्या उपकरणाने अधूनमधून निरपेक्ष मोजमाप घ्यायचे, त्यावरून आधाररेषा ठरवायची आणि मग अंतिम आकडे काढायचे, अशी रीत आहे. कच्च्या प्रतीच्या नावात इंग्रजी व्ही हे अक्षर येते, अंतिम प्रतीत डी. स्क्रिप्टने फायली वर्णानुक्रमाने वाचल्या आणि त्याच दिवसाची पुढची फाईल आली की आधीचे आकडे पुसले, तर डी आधी आणि व्ही नंतर येऊन प्रत्येक वेळी कच्चा आकडा जिंकतो. कसलीही तक्रार न करता चालणारी स्क्रिप्ट वर्षभराचे चुकीचे उत्तर देऊन मोकळी होते. म्हणून तिच्यात एक ओळ लागते: अंतिम प्रत असेल तर तीच घे. दुसरी निवड गाळलेल्या मिनिटांची. उपकरण बंद असले तर त्या जागी 99999 हा आकडा लिहिला जातो, कारण जागा मोकळी सोडली तर रकाने सरकतात. अलिबागचा आडवा घटक साधारण 38,000 नॅनोटेस्ला धरू. एका तासातली 59 मिनिटे ठीक आणि एक मिनिट 99999 असेल तर सरासरी 39,033 येते, म्हणजे हजाराहून मोठी उडी. मे 2024 मध्ये आलेल्या, गेल्या वीस वर्षांतल्या सर्वांत मोठ्या वादळात जागतिक निर्देशांक उणे चारशेच्या आसपास उतरला होता. न मोजलेले एक मिनिट त्याच्या अडीचपट वादळ कागदावर उभे करते, तेही उलट्या दिशेने. तिसरी निवड वेळेची. या फायलींचा दिवस जागतिक वेळेनुसार सुरू होतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. 10 मे 2024 चे वादळ आपल्या घड्याळात रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन भरात होते. त्या रात्रीचा पूर्ण आलेख हवा असेल तर दोन फायली जोडाव्या लागतात आणि प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवावे लागतात. फाईलच्या नावातली तारीख म्हणजे आपली तारीख असे धरून चालले की चूक पक्की.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एवढ्यासाठी स्क्रिप्ट कशाला, एक्सेलमध्ये सगळे डोळ्यांसमोर दिसते. तक्ता हे उत्तम साधन आहे आणि एका महिन्याच्या आकड्यांवर नजर टाकायला त्याहून बरे काही नाही. अडचण अशी की तो न विचारता निर्णय घेतो. मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने 2020 मध्ये काही जनुकांची नावे बदलली, कारण मार्च किंवा सप्टेंबरसारखी दिसणारी नावे तक्त्यात टाकली की त्यांच्या तारखा होत आणि शोधनिबंधांत तशाच जात. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये करोनाच्या 15,841 रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून गळाल्या, कारण जुन्या प्रकारच्या तक्त्यातल्या ओळींची मर्यादा भरली होती. आजच्या तक्त्याची मर्यादा 10,48,576 ओळींची आहे. अलिबागच्या मिनिटांचे एक वर्ष 5,25,600 ओळींचे. दोन वर्षे एकाखाली एक डकवली की 10,51,200 होतात आणि दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरचे शेवटचे जवळजवळ दोन दिवस मावत नाहीत. इतक्या थोडक्या फरकाने गेलेल्या ओळी शोधायला कोण जाणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हाताने काम करणारा एका फाईलची नासाडी करतो, चुकलेली स्क्रिप्ट क्षणात सगळ्या फोल्डरची करते. हे मान्यच करायला हवे. नावे बदलणारी एक चुकीची ओळ 365 फायलींना एकच नाव देऊ पाहते आणि काही पद्धतींत प्रत्येक फाईल आधीच्या फाईलवर चढून शेवटी एकच उरते. पण याचे उत्तर स्क्रिप्ट सोडून देण्यात नाही, तिला मर्यादा घालण्यात आहे. वाचायचा फोल्डर वेगळा, लिहायचा वेगळा. मूळ फोल्डरवर लिहिण्याची परवानगीच काढून टाकायची. पहिल्या फेरीत काहीही बदलायचे नाही, फक्त कोणत्या फायलीचे काय होणार हे पडद्यावर छापायचे. नावांची यादी स्वतः क्रमाने लावून घ्यायची, कारण पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा फोल्डरमधली नावे कोणत्याही क्रमाने देऊ शकते. फाईल उघडल्यावर रकान्यांची नावे वाचायची, तिसरा रकाना म्हणजे अमुक असे गृहीत धरायचे नाही. काही फायली आडवा घटक आणि दिक्पात देतात, काही उत्तर आणि पूर्व दिशांचे घटक. शेवटी मोजणी. दिवसाच्या ओळी 1440 आहेत का, वर्षाच्या फायली पूर्ण आहेत का, दोन्हीपैकी काही चुकले तर स्क्रिप्टने तिथेच थांबून सांगावे. जिथे शंका आहे तिथे थांबणारी स्क्रिप्ट मला पुढे रेटणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा कितीतरी विश्वासू वाटते.

तिसरा आक्षेप मात्र मी पूर्णपणे खोडू शकत नाही. जुने निरीक्षक प्रत्येक वाचन डोळ्यांखालून घालत. त्यांना उपकरणाचा स्वभाव कळे. दुपारी आडवा घटक कसा चढतो, रात्री कसा स्थिरावतो, जवळून लोखंडी वस्तू गेली तर रेघ कशी थरथरते, हे त्यांच्या नजरेत मुरलेले असे. स्क्रिप्ट आकडे घेऊन जाते आणि माणूस त्यांच्याकडे पाहतच नाही, ही भीती खरी आहे. मला त्यावर एवढेच सुचवता येते की वाचलेला वेळ पाहण्यातच घालवावा. त्याच स्क्रिप्टला आणखी चार ओळी जोडल्या तर ती रोजचा एक आलेख काढून ठेवते आणि ज्या दिवशी एका मिनिटात आकडा विचित्र उडाला त्या दिवसांची यादी देते. 365 आलेख नजरेखालून घालायला एक संध्याकाळ पुरते. सव्वापाच लाख आकड्यांकडे पाहणे कोणालाच शक्य नसते, त्यांतल्या संशयास्पद शे-दीडशेंकडे नीट पाहणे शक्य असते. तरीही, कोणता आकडा वादळाचा आणि कोणता दाराशी उभ्या राहिलेल्या गाडीचा, हे ठरवायला माणूसच लागतो. त्याने ठरवल्यावर तो निर्णय वेगळ्या फाईलमध्ये लिहावा, तारीख, वेळ आणि कारणासह, आणि स्क्रिप्टने तिथून वाचावा. मूळ फाईलमधला आकडा खोडू नये. आज गाडीचा वाटलेला धक्का उद्या दुसऱ्या वेधशाळेतही त्याच मिनिटाला दिसला, तर तो परत मिळाला पाहिजे.

अलीकडे अशी स्क्रिप्ट संगणकाला सांगूनही लिहून मिळते आणि ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही त्यांची मोठी अडचण दूर झाली आहे. तिला 99999 चा अर्थ आणि साडेपाच तासांचा फरक माहीत आहे की नाही, हे तपासायची जबाबदारी मात्र वापरणाऱ्याचीच. पंधरा ओळी वाचून समजून घ्यायला कोणत्याही पदवीधराला अवघड जाऊ नये. रायगड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत विज्ञान शिकणाऱ्यांना तर मी आग्रहाने सांगेन की सरावासाठी दूरचे काही शोधू नका. ही वेधशाळा तुमच्या जिल्ह्यात आहे, तिचा कारभार पाहणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे आणि वेधशाळांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यामार्फत अभ्यासासाठी आकडे मिळू शकतात. 31 दिवसांचा कोणताही एक महिना घ्या आणि सरासरीच्या मागे लागण्याआधी नुसती मोजणी करणारी स्क्रिप्ट लिहा. 31 फायली आणि 44,640 ओळी भरल्या पाहिजेत. त्यातल्या किती ओळींत 99999 आहे, हेही छापा.